अणुभट्टीच्या विम्याचा आकडा कुठून येतो

अणुऊर्जा प्रकल्पाला किती रकमेचा दायित्व विमा (अपघातात बाहेरच्या लोकांचं झालेलं नुकसान भरून देणारा) काढावा लागतो, हे सर्वात वाईट अपघातात किती नुकसान होईल याचा हिशेब करून ठरत असेल, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेत, जिथे ही व्यवस्था 1957 पासून चालू आहे, तसं होत नाही. तिथल्या अणुऊर्जा कायद्याच्या कलम 170 मध्ये, म्हणजेच प्राइस-अँडरसन तरतुदीत, मोठ्या अणुभट्टीसाठी निकष सरळ दिला आहे: खासगी बाजारात रास्त दरात आणि रास्त अटींवर जास्तीत जास्त जेवढा विमा मिळेल, तेवढा काढायचा. त्यामुळे विमा कंपन्यांची ऐपत वाढली की आकडा वाढतो. 1957 मध्ये कंपन्यांनी मिळून 6 कोटी डॉलर जमवले, म्हणून तोच पहिला आकडा झाला आणि त्यावर सरकारने 50 कोटींची हमी दिली. 2003 मध्ये ही रक्कम 30 कोटी होती, 2010 मध्ये 37.5 कोटी, 2017 मध्ये 45 कोटी आणि 1 जानेवारी 2024 पासून 50 कोटी डॉलर.

हा विमा अमेरिकन न्यूक्लिअर इन्शुरर्स हा विमा कंपन्यांचा पूल, म्हणजे एकत्रित गट, देतो. इथे एक बारकावा नीट पाहावा लागतो. 50 कोटींची मर्यादा प्रत्येक भट्टीला नसते, ती संपूर्ण जागेला मिळून असते. एका जागी तीन भट्ट्या असल्या तरी रक्कम तेवढीच, फक्त दुसऱ्या-तिसऱ्या भट्टीचा हप्ता सवलतीत. दाव्यांची चौकशी आणि वकिलांचा खर्चही याच रकमेतून जातो. अणुनियामक आयोग सक्तीने घ्यायला लावतो तो 106 कोटी डॉलरचा मालमत्ता विमा पूर्णपणे वेगळा आहे. तो भट्टी स्थिर करणं आणि आवार किरणोत्सारमुक्त करणं यासाठी असतो, कुंपणाबाहेरच्या माणसाला त्यातून काहीही मिळत नाही. बातम्यांमध्ये हे दोन आकडे सर्रास एकत्र केले जातात.

हा दायित्व विमा म्हणजे भरपाईचा पहिला थर. खरी मोठी रक्कम दुसऱ्या थरात आहे आणि तिथे आधी हप्ता भरायचाच नसतो. देशात कुठेही अपघात होऊन पहिला थर संपला, तर 100 मेगावॅट किंवा त्याहून जास्त वीज निर्माण करणाऱ्या प्रत्येक भट्टीच्या मालकाने अपघातानंतर वर्गणी भरायची. भट्टीमागे कमाल 15.80 कोटी डॉलर, शिवाय गरज पडल्यास 5 टक्के जादा. महागाईनुसार दर पाच वर्षांनी हा आकडा बदलतो. 2018 मध्ये तो 13.1 कोटी होता, 2023 मध्ये आताचा झाला. सुमारे 95 भट्ट्या धरल्या तर दोन्ही थर मिळून 1,600 कोटी डॉलरच्या वर जातात.

पण याच कायद्यात वर्षाला भट्टीमागे 2.47 कोटींहून जास्त मागता येत नाही अशी अट आहे. म्हणजे सगळ्यांनी वेळेवर भरले तरी वर्षाला साधारण 235 कोटीच जमतात आणि पूर्ण रक्कम यायला सहा वर्षांहून जास्त लागतात. घर सोडून गेलेल्या कुटुंबाला पैसे पहिल्या महिन्यात लागतात. या व्यवस्थेतली सर्वात कच्ची जागा मला हीच वाटते आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

मालक ही वर्गणी भरू शकेल याची हमी द्यावी लागते. जामीनरोखा, बँकेचं पतपत्र, फिरतं कर्ज, सरकारी रोखे तारण, किंवा तीन महिन्यांत एवढी रोकड उभी राहील असं दाखवणारं प्रमाणित आर्थिक विवरण, यातलं काहीही चालतं. ज्या कंपनीच्या नावावर एकच भट्टी आहे, तिच्या विवरणाकडे विशेष बारकाईने पाहायला हवं, कारण ती भट्टी बंद पडली की तिची रोकडही आटते. दुसरी गळती भट्ट्या बंद होण्याची. इंधन पुरेसं थंड झालं की मालक सवलत मागतो. ती मिळाली की विमा 10 कोटींवर येतो आणि भट्टी वर्गणीतून बाहेर पडते. मग उरलेल्यांची एकूण रक्कम तेवढ्याने घटते.

दुसऱ्या थराला आजवर हात लागलेला नाही. 1979 च्या थ्री माइल आयलंड अपघाताचे दावे आणि खटल्यांचा खर्च मिळून सुमारे 7.1 कोटी डॉलर लागले, ते पहिल्या थरातच भागले. उलट फुकुशिमात सक्तीची रक्कम 120 अब्ज येन होती आणि भरपाई 10 लाख कोटी येनच्या पुढे गेली.

धोक्याचा हिशेब करणारं सूत्र अमेरिकेत आहे, पण ते फक्त 10 औष्णिक मेगावॅट (म्हणजे भट्टीत निर्माण होणारी उष्णता, वीज नव्हे) ते 100 मेगावॅट वीज या मधल्या भट्ट्यांसाठी. दर औष्णिक किलोवॅटला 185 डॉलर, गुणिले लोकसंख्येचा गुणक. औष्णिक मेगावॅटचं वर्गमूळ काढायचं, तेवढ्या मैलांचं वर्तुळ आखायचं, त्यातल्या प्रत्येक वस्तीची लोकसंख्या तिच्या अंतराच्या वर्गाने भागायची आणि बेरीज करायची. बेरीज 1,000 पर्यंत असेल तर गुणक 1 आणि 9,000 च्या वर गेली तर 2. उदाहरणार्थ 200 औष्णिक मेगावॅटची भट्टी: वर्तुळ 14 मैलांचं, मूळ रक्कम 3.7 कोटी डॉलर, दाट वस्तीत 7.4 कोटी. हीच या गटाची कमाल मर्यादा. आता येऊ घातलेल्या 80 मेगावॅटच्या छोट्या भट्ट्या याच गटात बसतात आणि त्यामुळे वर्गणीच्या थरात येत नाहीत. त्यांच्या विम्याच्या वरचा बोजा सरकारी हमीवर पडतो.

भारतात क्रम उलटा होता. 2010 च्या अणुदायित्व कायद्याने आधी 1,500 कोटी रुपये हा आकडा लिहिला आणि तेवढी ऐपत असलेला विमा पूल जून 2015 मध्ये मुंबईच्या जीआयसी री या सरकारी पुनर्विमा कंपनीच्या पुढाकाराने उभा राहिला. तो आकडा 10 औष्णिक मेगावॅट आणि त्यावरच्या प्रत्येक भट्टीला सारखाच होता, मग ती 220 मेगावॅट विजेची असो की कुडनकुलमची 1,000 ची. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या शांती या नव्या अणुऊर्जा कायद्याने 100 कोटींपासून 3,000 कोटींपर्यंत टप्पे केले. टप्पा औष्णिक क्षमतेवर ठरतो, विजेच्या मेगावॅटवर नाही: कुडनकुलमची भट्टी 3,000 औष्णिक मेगावॅटची, म्हणून 1,500 कोटींच्या टप्प्यात, जैतापूरला प्रस्तावित 1,650 मेगावॅटची भट्टी 3,600 औष्णिक मेगावॅटच्या वर जाते, म्हणून 3,000 कोटींच्या.