सहावीला कुठे घालायचं?

माझी लेक यंदा पाचवी पास झाली. आमच्या वाडीतली शाळा पाचवीपर्यंतच. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या पंचक्रोशीत पुढे दोनच वाटा: शेजारच्या गावची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, नाहीतर बाजारपेठेतलं अनुदानित हायस्कूल.

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, हायस्कूल. तिथे सेमी आहे, प्रयोगशाळा आहे, मोठं मैदान आहे आणि दहावीचा निकाल दारातच फलकावर लावलेला असतो. पण त्या निकालावरून सहावी-सातवीत काय चालतं ते कळत नाही. दहावीच्या मुलांना जादा तास मिळतात. मधल्या वर्षांची चौकशी कुणीच करत नाही, आणि अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणं नेमकी तेव्हाच येतात. तिथे पोर मागे पडलं की पुढे क्लास लावूनही सहज सावरत नाही.

म्हणून मी दोन्हीकडे जाऊन सहावीच्या गणिताच्या वह्या बघायला मागितल्या. हायस्कूलच्या वह्या देखण्या होत्या. समास आखलेले, पानापानावर बरोबरची खूण. पण चार वह्या शेजारी ठेवल्या तर चारही सारख्याच, फळ्यावरून उतरवलेल्या. वर्ग मोठा, आणि गणिताच्या सरांकडे नववी-दहावीसुद्धा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत एका मुलीने १/२ + १/३ = २/५ लिहिलं होतं. बाईंनी फुली मारली नव्हती. लाल पेनाने शेजारी दोन भाकऱ्या काढून विचारलं होतं, ‘अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं?’ खाली त्या मुलीने खाडाखोड करत ५/६ काढलं होतं. माझं मन तिथेच बसलं.

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक, आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक असं आहे. पण मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, शासन निर्णयानंतर या वर्गांचा पट २० च्या आत गेला की शिक्षकाचं पदच धोक्यात येतं. म्हणजे आपण एकेक दाखला काढून नेतो, तसतशी त्या बाईंची खुर्ची डळमळते. पट कमी म्हणून शाळा वाईट, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

अडचणी आहेतच. पावसात पऱ्ह्यावरच्या साकवावरून जावं लागतं. हायस्कूलला एसटी आहे आणि मुलींना पास मोफत. आठवीला शाळा पुन्हा बदलणार. शिवाय पदवीधर शिक्षकांच्या बदल्या होतात, या बाई राहतीलच याची खात्री कोण देणार?

तरीही लेकीचं नाव मी तिथेच घातलंय. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, तिथे मी नाव देणार आहे. बाईंची बदली झालीच तर गणिताला दुसरं माणूस येईपर्यंत पाठपुरावा करायला कुणीतरी हवं. वाडीतल्या ज्यांची मुलं यंदा सहावीला आहेत त्यांना एवढंच सांगते, दाखला काढण्याआधी दोन्ही शाळांत जा आणि वह्या मागा. कुणी नाही म्हणत नाही.