आमची वाटचाल : चेन डोझर आणि त्याचा गंज

जालन्याच्या एमआयडीसीत आमची शेड आहे. लोखंड ब्लास्टिंगने, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कण मारून, स्वच्छ करायचं आणि त्यावर कोटिंग चढवायचं, एवढाच धंदा. सुरुवात ट्रॉल्यांपासून झाली. मी, धाकटा भाऊ, भाड्याचा कॉम्प्रेसर आणि एक स्प्रे गन. गिऱ्हाईक ठरवूनच यायचं: रेडऑक्साइड मारा, वरून चकाचक ऑइलपेंट, दसऱ्याच्या पूजेला गाडी दारात पाहिजे.

धंद्याला जोर आला तो टँकरमुळे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते देशभर दिसलं. त्याच उन्हाळ्यात गावोगाव पाणी वाहणारे टँकर आतून सडलेले होते, ते फारसं कुणाच्या नजरेत आलं नाही. आतला गंज काढून पिण्याच्या पाण्याला चालणारं एपॉक्सी (हार्डनर मिसळून लावायचा टणक रंग) लावायचं काम आमच्याकडे आलं आणि पुढे बरीच वर्षं पुरलं. दुष्काळावर धंदा उभा राहिला हे सांगायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच.

आपल्याकडे गंजाचा संबंध सगळे पावसाशी लावतात. माझं मत वेगळं आहे. मराठवाड्यात लोखंड खातात ते क्षार. बोअरचं जड पाणी, खताच्या पोत्यातलं पोटॅश, कारखान्याची मळी, गोठ्यातलं मूत. रंगाखाली क्षार राहिला की तो रंगाच्या थरातून पाणी आत ओढतो, फोड येतात आणि फोडाखाली गंज पसरतो. वरचा रंग कितीही भारी असला तरी.

हे सगळं एका गाडीवर दिसलं ते अंबड तालुक्यातल्या एका शेतकरी काकांच्या चेन डोझरवर. बीईएमएलचा जुना डी-५०, लिलावात भंगाराच्या भावात घेतलेला. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तो जायकवाडीच्या कालव्यावर राबला होता. कागद काही नव्हता. मुलाने इंजिन जागेवर आणलं होतं, आता गाडी दिसायला नवी हवी होती. मी ब्लास्टिंगचा खर्च सांगितला तसे काका भडकले.

"आपल्याकडं पाऊसच कुठं पडतो? गंज कामून धरंल?"

मी त्यांना डोझरभोवती फिरवलं. गाडी कित्येक वर्षं गोठ्याच्या भिंतीला लावून उभी होती. उन्हाकडच्या बाजूला नुसती तांबूस पावडर होती. गोठ्याकडच्या बाजूला ट्रॅक फ्रेमच्या, म्हणजे चेन ज्या चौकटीवर फिरते तिच्या, पत्र्यात स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. पाऊस तर दोन्हीकडे सारखाच पडला होता. काका काही बोलले नाहीत, पण पैसे कमी करा म्हणायचं थांबले.

बर्फावर चालणाऱ्या चेनच्या गाड्यांचीही हीच गत असते, त्यांनाही क्षारच खातात. १९५७-५८ मध्ये ब्रिटिश संशोधक व्हिव्हियन फुक्स यांच्या मोहिमेने ज्या टकर स्नो-कॅट गाड्यांनी अंटार्क्टिका पार केलं, त्या केशरी होत्या, पांढऱ्यात उठून दिसाव्यात म्हणून. त्याच मोहिमेत एडमंड हिलरी चेन चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवर ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले. आपल्या शेतातल्या मॅसीच्याच घराण्यातला ट्रॅक्टर तो. आमच्या पोरांना हे ऐकून भारी वाटतं. तशा जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना छळतं ते बर्फापेक्षा रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. शिवाय त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा पत्रा असला तर तो आमच्यासारखा जोरात ब्लास्ट करून चालत नाही, प्रायमरही वेगळा लागतो.

डोझरवर सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मातीने. रोलर आणि फ्रेमच्या मध्ये काळी माती वाळून दगडासारखी झाली होती, छिन्नीने काढली. मग धुणं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतात, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या बोअरच्या पाण्यात त्याहूनही जास्त क्षार. म्हणून शेवटचं धुणं आरओच्या जारने केलं. शेजारचे हसले. हसू देत.

जुन्या पिवळ्या रंगात शिशाचं क्रोमेट असण्याची शक्यता मोठी, आणि शिसं विषारी. घरगुती रंगांना शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आहे, ती अशा यंत्रांच्या रंगाला लागू नाही. त्यामुळे जुना रंग कोरडा घासायचा नाही, भुकटी गोळा करून वेगळी ठेवायची. ब्लास्टिंगला नदीची वाळू आम्ही पहिल्यापासून वापरत नाही. तिच्या धुळीने फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. त्याऐवजी वापरतो ते गार्नेट, एका कठीण खनिजाचे कण, महाग पडतं, पडू दे.

एसए अडीचपर्यंत (गंज-रंगाचे पुसट डागच उरतील इतकं) लोखंड स्वच्छ झालं की त्याच पाळीत जस्ताचा एपॉक्सी प्रायमर, ६० ते ७५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, पण त्याला उघडं लोखंड लागायला हवं, गंजावर मारलं तर पैसे पाण्यात. वेल्डिंगच्या सांध्यांवर आधी ब्रशने एक हात. मग एपॉक्सीचा मधला थर आणि वर पॉलियुरेथेन, कारण उन्हात नुसतं एपॉक्सी खडूसारखी पूड सोडतं. मे महिन्यात दुपारी गन धरली तर रंग पत्र्यावर पोचायच्या आत हवेतच वाळतो, म्हणून काम पहाटे. पावसाळ्यात उलटं: पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पत्र्यावर दव होऊन बसते) किमान ३ अंश गरम होईपर्यंत हात लावायचा नाही. पॉलियुरेथेनच्या हार्डनरने दमा जडू शकतो, म्हणून बाहेरून हवा देणारा मुखवटा. पोरं उकडतं म्हणून कुरकुरतात. त्यावर चर्चा नाही.

हायड्रॉलिकचे रॉड, ग्रीस निपल, रबरी सील झाकून ठेवले. चेनच्या पट्ट्यांना पैसे घालू नका, मुरमात पहिल्याच दिवशी रंग जाईल, असं काकांना सांगितलं. त्यांना फोटोसाठी काळ्या हव्याच होत्या. साधा काळा मारून दिला.

त्यानंतर दोन-तीन जुन्या पोकलेन आल्या, एक रोड रोलर आला. आता बंद ब्लास्ट रूम बांधायची आहे, म्हणजे गार्नेटऐवजी स्टील ग्रिट (पोलादाचे कण) पुन्हा पुन्हा वापरता येईल आणि धूळ शेजारच्या शेडमध्ये जाणार नाही. बँकेने कोटेशन मागवली आहेत.