फलजच्या काठावरचा तास

ओमानमधल्या निझवाच्या एका द्विभाषी शाळेत मी पाचवीला विज्ञान शिकवत होते. मुलं सगळी ओमानी. घरी अरबी, विज्ञान मात्र इंग्रजीत. पाण्याच्या धड्यातलं चित्र हिरव्यागार डोंगरांचं, भरल्या नदीचं. आणि आमच्या खिडकीबाहेर करडे, बोडके डोंगर. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा कधीच उत्तर द्यायचा नाही. त्या दिवशी तो अरबीतच बोलला, "मिस, आमच्याकडे पाणी सावलीने मोजायचे. जद्दीला सगळं येतं." जद्दी म्हणजे 'माझे आजोबा', त्या मुलाचे. आदल्याच आठवड्यात त्याच्या वहीवर मी 'अभ्यास कच्चा' असा शेरा मारला होता.

परवानगी काढून एका सकाळी वर्ग फलज दारिसवर नेला. डोंगराच्या पोटातलं पाणी भुयारातून, केवळ उताराच्या जोरावर गावापर्यंत आणणारी ही व्यवस्था. ओमानात असे सुमारे ३,००० फलज अजून वाहते आहेत. दारिस धरून पाच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००६ साली गेले. मी औरंगाबादची. पाणचक्की आणि जमिनीखालून पाणी आणणारी मलिक अंबरची नहर बघत वाढलेली. त्यामुळे ते पाणी पाहून घशात काहीतरी दाटलं.

त्या मुलाचे आजोबा पांढऱ्या दिशदाशात, म्हणजे पायघोळ झग्यात, आधीच येऊन बसले होते. त्यांनी जमिनीत काठी रोवली, सावलीच्या टोकाशी खडे मांडले. पाण्याची पाळी 'अथर'मध्ये मोजायची, एक अथर साधारण अर्ध्या तासाचा. रात्री सावली नाही, मग तारे. ते एकेक नाव घेऊ लागले. सुरैया. अद्-दबरान. आमच्या अरबीच्या बाई मला समजावत होत्या आणि मी मनात म्हणत होते, कृत्तिका, रोहिणी!

आधी पिण्याचं पाणी, मग मशिदीचं, मग न्हाण्याधुण्याचं, शेवटी खजुराच्या बागा. हा क्रम मुलांनी भराभर सांगितला. वर्गात मुकी वाटणारी हीच मुलं.

मग आजोबा जे बोलले त्याने मी हलले. पाण्याचे काही हिस्से वक्फ केलेले, म्हणजे धर्मकार्यासाठी दान दिलेले असत. त्यांचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून कुराण शिकवणाऱ्या उस्तादांना मोबदला मिळे. १९७०मध्ये साऱ्या ओमानात सरकारी शाळा होत्या तीन, त्याही फक्त मुलग्यांच्या. पुढे इजिप्त, सुदानहून शिक्षक आले, गावोगाव शाळा झाल्या, मुली शिकल्या. हे फार मोठं काम आहे, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण जे पाणी एकेकाळी शिक्षकाला पोसत होतं, त्याच्याबद्दल त्याच गावातल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक ओळ नसावी?

"भुयारं साफ करायला आता बाहेरचे मजूर येतात," आजोबा म्हणाले. "माझी मुलं मस्कतला. तारे बघायला कुणी येत नाही. घड्याळ आहे ना."

परतल्यावर मुलांनी टिपणं दिली. त्या मुलाचं पान भरून अरबी. काठी, खडे, सावलीचे कोन, पाळ्यांचा तक्ता, तोही बिनचूक. नियमाने ते तपासायला नको होतं, कारण उत्तर इंग्रजीत हवं. मी बाईंना शेजारी बसवून शब्द न् शब्द वाचून घेतला. पैकीच्या पैकी गुण दिले. मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते नंतर ठरवणार होते.

जुना शेरा खोडला. त्याने काढलेल्या अद्-दबरानच्या ठिपक्याखाली मी देवनागरीत 'रोहिणी' लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं.