लक्ष्मीच्या साडीवरच्या टिकल्या

जुन्या कागदांचं जतन आणि डागडुजी हे माझं काम. पोथ्या, नकाशे, जमिनीचे दस्त, कुंडल्या, छापील चित्रं असं सगळं टेबलावर येतं. त्या दिवशी वाईहून एक काकू आणि त्यांचा मुलगा चादरीत गुंडाळलेली मोठी तसबीर घेऊन आले. रविवर्म्याची लक्ष्मी. कमळावर उभी, शेजारी हत्ती. महाराष्ट्रात हे चित्र न पाहिलेलं घर सापडणं कठीण. पण या लक्ष्मीला खऱ्या कापडाची लाल साडी नेसवली होती, काठाला जर, पदरभर चमकत्या टिकल्या, गळ्यात बारीक मोत्यांची माळ.

मुलाला चित्र विकायचं होतं. एका खरेदीदाराने त्याला सांगितलं होतं, वरचं कापड काढा, धुऊन स्वच्छ करा, मग चांगले पैसे देतो. काकू गप्प होत्या. खूप विचारल्यावर म्हणाल्या, "ताई, ती साडी माझ्या आजेसासूबाईंनी नेसवलीय. काढायचीच असेल तर निदान फाटू देऊ नका."

मी आधी भिंग लावलं. हत्तीच्या कानावर वेगवेगळ्या रंगांचे बारीक ठिपके दिसले, लहानमोठे, कुठेही ओळीत नसलेले. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके आखल्यासारखे बसतात. हे हाताने दगडावर काढलेले होते. शिळाछापाच्या रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. तेलकट शाईने दगडावर चित्र काढायचं, दगड ओला करायचा, म्हणजे छपाईची शाई फक्त तेलकट भागालाच धरते. एकाच कागदावर हे पुन्हापुन्हा, रंगामागून रंग, आणि दर वेळी कागद केसभरही सरकता कामा नये. तळाशी इंग्रजीत 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' अशी ओळ होती. रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणले. मुंबईत प्लेगने थैमान घातल्यावर 1899 च्या सुमारास छापखाना कार्ला-लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. म्हणजे आपली प्रत त्यानंतरची.

ही चित्रं छापावीत असं रविवर्म्याला सुचवणाऱ्यांत बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव होते. मागणी इतकी आहे की दोन हातांनी पुरी होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यातून राजवाड्यातल्या चित्रांसारखी देवी चाळीतल्या खोलीतही आली. हा इतिहास पुष्कळ लिहिला गेलाय. पण चित्र घरात आल्यावर बायकांनी त्याचं काय केलं, याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं, आणि मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

चौकट उघडली तेव्हा काही टिकल्या काचेला चिकटून आल्या. हे मला खटकलं. धातूची टिकली काचेला अशी चिकटत नाही. चौकटीच्या तळाशी गळून पडलेली एक टिकली उचलली आणि कोमट पाण्याच्या थेंबात ठेवली. मुलगा भिंगातून बघत होता. थोड्या वेळात तिची कड मऊ पडली, ती वाकडी झाली, मग तिचा चिकट गोळा झाला. जिलेटिनची टिकली! साधारण 1920-30 च्या दशकांत अशा टिकल्या चालत. हलक्या, चमकदार, आणि पाण्याला अगदी नाजूक. वाईच्या पावसाळी दमटपणानेच त्या काचेला धरल्या होत्या.

धुलाईच्या पाण्यात हे चित्र गेलं असतं तर पदर विरघळला असता, साडीचा लाल रंग उतरून देवीच्या हातापायांवर पसरला असता. मुलगा मागे सरकून खुर्चीत बसला. काकूंनी हिशेब केला: आजेसासूबाई लग्न होऊन आल्या त्याही 1930 च्या आसपासच.

मग मी चित्र पालथं केलं. पाठीला मलमलीचं अस्तर लावलेलं होतं. नुसत्या कागदात सुई घातली तर तो भोकांच्या रांगेवर फाटतो, हे त्या बाईला कळलं होतं. अस्तरावर टाके एकसारखे, गाठी बारीक, एका टिकलीकडून दुसरीकडे जाताना दोरा कुठेही ताणलेला नाही. निऱ्यांची दिशा तिने छापलेल्या निऱ्यांवरून घेतली होती. चेहरा, हात आणि कमळ यांना तिने सुईचा स्पर्शही होऊ दिला नव्हता. छापखान्यातून या चित्राच्या असंख्य प्रती निघाल्या असतील. अशी ही एकच.

मी मुलाला स्पष्ट सांगितलं, कापड मी काढणार नाही. कुणाला काढायचं असेल तर त्यांनी दुसरीकडे न्यावं. त्याने आईकडे पाहिलं आणि विक्रीचा विषय तिथेच थांबवला.

जवळजवळ सगळं काम कोरडंच करावं लागलं. मऊ ब्रशने धूळ झाडली, हत्तीजवळच्या फाटीला मागून पातळ पण चिवट जपानी कागद लावला, गव्हाच्या सत्त्वाची घट्ट खळ वापरून, जेमतेम ओल राहील इतकीच. काठाची जर काळवंडली होती, म्हणजे तिच्यात चांदी किंवा तांबं असावं. पॉलिश लावलं असतं तर ते कापडात उतरलं असतं, म्हणून तिला तशीच ठेवली. मागचा पिवळा पडलेला पुठ्ठा आम्लाने कागद खात होता. तो बदलला आणि काच टिकल्यांना टेकणार नाही इतकी मोकळी जागा चौकटीत ठेवली.

काम चालू असताना मुलाने पाठीमागच्या टाक्यांचे फोटो नातेवाइकांना पाठवले. बडोद्याच्या त्याच्या आतेबहिणीचं उत्तर आलं: त्यांच्या देवघरात सरस्वती आहे, तिच्याही पदराला अशाच टिकल्या, त्याच पणजीच्या हातच्या, आणि दिवाळीच्या आवराआवरीत काच काढून ओल्या फडक्याने पुसायचं ठरलंय. मी त्याच्याकडून फोन घेतला आणि तिला सांगितलं, काच अजिबात उघडू नका, फडकं कोरडं घ्या आणि फक्त बाहेरून पुसा.