किती दिवसांत सुटली गोळी?

आमच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा मुलांची वजनं होतात. वजनकाटा आवरला, बायका पांगल्या की एखादी मागे रेंगाळते. दाराशी चप्पल शोधत राहते आणि मग हळूच विचारते, "बाई, तुमची ती दुखण्याची गोळी किती दिवसांत सुटली?" कधी तिला स्वतःसाठी हवं असतं, कधी नवऱ्यासाठी, कधी मुंबईहून पाठदुखी घेऊन परतलेल्या दिरासाठी. तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिते आहे. पायांत चप्पल सरकवता सरकवता सांगून होण्यासारखं ते नाही.

आकडा हवा असेल तर देते. आठ महिने. त्याआधी एकदा तीन दिवसांत सोडायला गेले होते, तो प्रकार अंगाशी आला.

२०२१च्या श्रावणात विहिरीकडे उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्यांवरून पाय घसरला. देवगड तालुक्यात राहणाऱ्याला पावसातलं शेवाळ नवीन नाही, पण हातात कळशी होती आणि तोल गेला. कमरेच्या मणक्याला चीर पडली. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, विश्रांती सांगितली आणि एक गोळी लिहून दिली. तिच्यात ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. सकाळ-संध्याकाळ एक, दहा दिवस. त्या दहा दिवसांबद्दल मी गोळीला आजही नावं ठेवत नाही. कूस बदलता येत नव्हती, तिच्यामुळे मी उठून बसले.

पण ती कधी आणि कशी थांबवायची हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. ट्रामाडॉल हे अफूच्याच गोतावळ्यातलं औषध आहे हेही मला ठाऊक नव्हतं. २०१४पासून ते शेड्यूल एच-१मध्ये आहे, म्हणजे दुकानदाराने चिठ्ठी पाहून वहीत नोंद करून द्यायचं. २०१८पासून तर ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. माझी चिठ्ठी मात्र प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभर राहिली आणि तिच्यावरच मला पाकिटं मिळत गेली. दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या चार. मजा म्हणून एकही घेतली नाही. दोन घेऊन अंग दुखायचं म्हणून तिसरी, आणि काही आठवड्यांत तीही पुरेना. पुढच्या श्रावणात मी दिवसाला सहावर होते.

२०२२ची चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. चाकरमानी येणार, घर भरणार, जाऊबाईंच्या नजरेला पाकिटं पडणार या लाजेने मी ठरवलं, आता बंद. रविवारी रात्री शेवटची गोळी घेतली. सोमवारी दुपारपासून जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं पावसाची सर्दी. मंगळवारी हरतालिका होती. माझ्या अंगावर सारखा काटा येत होता, घामाने पाठ भिजत होती आणि तरी थंडी वाजत होती. सगळ्यांनी उपवासावर घातलं. रात्री पोटात पिळा पडून जुलाब लागले आणि पाय स्वस्थ राहीनात. दुखत होते असं नाही, पण नुसते हलवावेसे वाटत होते. सगळे झोपल्यावर मी खळ्यात येरझाऱ्या घालत होते आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसत होता.

बुधवारी सकाळी माटवी बांधलेली, गणपती पाटावर आलेला, आणि मी मागच्या पडवीत ओकत बसलेले. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं देवाला गाऱ्हाणं घाला. मोदकांची उकड काढायला मी बसले तर हात इतके थरथरत होते की पारीच वळेना. शेवटी आत गेले आणि कपाटाच्या तळाशी लपवलेली एक गोळी घेतली.

तासाभरात सगळं थांबलं. नाक कोरडं, पोट शांत, हात स्थिर. मी एकवीस मोदक वळले आणि जाऊबाई म्हणाल्या, बघ, देवाने ऐकलं. मला मात्र तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी पडले त्या दिवशीही वाटली नव्हती. तीन दिवस जे भोगत होते ते कमरेचं दुखणं नव्हतंच. गोळी नाही म्हणून झालेला तो आजार होता, आणि त्याच्यावर उतारा तीच गोळी होती.

पाहुणे गेल्यावर हे मी पहिल्यांदा सासूबाईंना सांगितलं. नवऱ्याला नंतर. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, अक्षरओळख नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ह्या डाक्टराक सांगलंस?" मी नाही म्हटलं. "मगे आदी ताच कर."

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे, पण तिथे जायला माझे पाय उचलत नव्हते. आमच्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की 'रत्नागिरीक धाडूक होयो' म्हणतात, कारण रत्नागिरीचं मनोरुग्णालय शंभर वर्षांहून जुनं आणि त्याचं नाव घराघरात. त्या एका वाक्याने किती माणसं दुखणं लपवून बसली असतील, याचा विचार केला की मला फार वाईट वाटतं. नवरात्र उलटल्यावर कणकवलीला गाडी बदलून मी ओरोसला गेले. सोबत सासूबाई होत्या.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी सगळी पाकिटं टेबलावर मांडायला सांगितली. आधी कधी फिट आली होती का, झोपेची किंवा नैराश्याची गोळी चालू आहे का, घरात कुणाला दारूचं व्यसन होतं का, हे विचारलं. ट्रामाडॉल जास्त झालं तर फिट येऊ शकते, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरू शकतं. मग त्यांनी समजावलं. हे औषध मेंदूत दोन कामं करतं. अफूसारखं वेदना दाबतं, आणि सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनंही वाढवतं. म्हणून ते सोडताना त्रासही दोन तऱ्हांचा होतो, जुलाब-जांभया एकीकडे, डोक्यातले झटके आणि विनाकारण धास्ती दुसरीकडे. एकदम थांबवलं की बारा ते चोवीस तासांत सुरुवात होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस, आणि आठ-दहा दिवसांत शरीराचा बराचसा त्रास ओसरतो. झोप आणि मन यांना मात्र कित्येक आठवडे लागतात.

मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीत, बांधाआड पाणी तटलेलं असतं. बांध फोडला तर शेत वाहून जातं, उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची फळी, थोडी थोडी उचलली तर तेच पाणी मुकाट्याने जातं. गोळी शरीराला दाबून धरते, शरीर उलटा जोर लावायला शिकतं. गोळी एकाएकी काढली तरी तो जोर तसाच उरतो.

उघाडी उचलायचं काम सासूबाईंनी घेतलं. पाकिटं फडताळात गेली आणि चावी त्यांच्या कनवटीला. "तू मागू नको, येळ झालो की मीच देतलंय," म्हणाल्या. सहाच्या पाच व्हायला तीन आठवडे, पाचाच्या चार व्हायला आणखी तीन. पहिल्या उतरणी मला जमल्या. दोनाची एक होताना मात्र मी दोनदा त्यांच्यामागे चावीसाठी फिरले, एकदा तर ओरडले. त्या तांदूळ निवडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "संध्याकाळी." या आठ महिन्यांत त्यांनी मला एकदाही व्यसनी म्हटलं नाही, आणि त्यांच्या या गप्प राहण्याचं ऋण मला फेडता येणार नाही.

शेवटची पायरी सगळ्यांत उंच असते. एकाची अर्धी करताना शंभरातले पन्नास कमी होतात, सहाच्या पाच करताना तसं नव्हतं. म्हणून मॅडमनी तिथे वेग आणखी कमी केला. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या उचलून कंबर भरली तेव्हा सहा आठवडे आहे तिथेच थांबायला सांगितलं. थांबलं तर चालतं, आपल्या मनाने मात्रा वाढवायची नाही. माझी गोळी साधी होती म्हणून अर्धी करता आली. दिवसभर हळूहळू विरघळणारी एसआर गोळी तोडायची किंवा चुरायची नसते, एकदम सगळं औषध अंगात उतरतं.

रोजचं सांगायचं तर जुलाबाच्या दिवसांत मिठाची पेज, शहाळं आणि ओआरएस यांवर राहिले. मॅडमनी काही आठवडे क्लोनिडीन दिलं होतं, त्याने घाम आणि धडधड कमी व्हायची, पण रक्तदाब उतरतो म्हणून अंथरुणातून सावकाश उठायचं. रात्री पाय वळवळले की गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवून ओटीवर बसायचे. ओहोटीच्या वेळी कुणकेश्वरच्या ओल्या पुळणीवर चालायला जायचे, तिथली वाळू घट्ट असते आणि कमरेला हिसका बसत नाही. कमरेसाठी शिकवलेले व्यायाम अजून करते. नवल म्हणजे गोळी उतरत गेली तसं दुखणं वाढलं नाही, उलट कमी झालं. मॅडम म्हणाल्या, ही औषधं फार दिवस घेतली तर काही जणांत ती वेदना जास्त जाणवायला लावतात.

२०२३चा मृग लागला त्या आठवड्यात शेवटची अर्धी घेतली. सलग झोप आली ती आषाढ सरताना.

माझा हा हिशेब उतरवून घेऊ नका. तुमची गोळी, तुमची मात्रा वेगळी असेल. मोठ्या मात्रेवर असलेल्या काहींना बुप्रेनॉर्फिन हे अफूच्याच गोतावळ्यातलं दुसरं औषध देऊन सोडवतात, ते डॉक्टरच ठरवतात. तुमच्यातली कुणी गरोदर असेल आणि हे वाचून आजच गोळी फेकायला निघाली असेल, तर थांब गे बाय. अचानक थांबवणं पोटातल्या बाळाला धोक्याचं असतं, आधी डॉक्टरांना सांग. कॅन्सरच्या वेदनेसाठी घरात कुणाला मॉर्फिन चालू असेल तर माझी गोष्ट सांगून ते तोडू नका, त्यांना ते हवंच.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकीचा हात धरून सांगते. सोडल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी मन ढळलं आणि जुन्या मापाने गोळ्या घेतल्या, तर शरीराची सवय मोडलेली असते. तेच माप मग श्वास थांबवू शकतं, दारू किंवा झोपेची गोळी जोडीला असेल तर जास्तच. म्हणून उरलेली पाकिटं घरात ठेवू नका. मी माझी ओरोसला नेऊन दिली.

रात्री-अपरात्री धीर सुटला तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

जाताना सगळी पाकिटं सोबत घ्या, रिकामीसुद्धा, आणि दिवसाला किती घेता ते खरं सांगा. एकटीने जायची लाज वाटत असेल तर वजनाच्या दिवशी थांबा. कणकवलीच्या सकाळच्या गाडीची वेळ मला पाठ आहे, मी येते बरोबर.