जोन्स कपला जाताय? शेवटच्या दिवसाचं तिकीट शेवटी काढा

पहिली गोष्ट पहिल्यांदा. तैवानमधल्या विल्यम जोन्स कप या बास्केटबॉल स्पर्धेला फायनल नसते. उपांत्य फेरी नाही, बाद फेरी नाही. साखळी सामने संपले की गुणतक्ता लागतो, ज्याचे विजय जास्त त्याला कप. बरोबरी झाली तर आपसातल्या सामन्याचा निकाल बघतात. तरीही शेवटच्या रविवारचं तिकीट 'फायनल डे' म्हणून दुप्पट भावात गळ्यात मारणारे भेटतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

हिशेब साधा आहे. 9 संघ असले की प्रत्येकाचे 8 सामने, एकूण 36. नऊ दिवस, रोज चार सामने आणि रोज एका संघाला सुट्टी. 2017 मध्ये 10 संघ होते, तेव्हा 45 सामने झाले. म्हणजे एखादा संघ हरतच नसेल तर आदल्या दिवशीच कपाचा निकाल लागू शकतो आणि रविवारी उरतो तो बक्षीस समारंभ. 2024 आणि 2025 मध्ये फिलिपिन्सचा स्ट्राँग ग्रुप हा संघ आठपैकी आठ सामने जिंकून गेला. चुरस बघायची असेल तर सहाव्या-सातव्या दिवशी पहिले तीन-चार संघ एकमेकांशी कधी भिडतात ते वेळापत्रकात शोधा आणि त्या दिवसाचं तिकीट काढा. तिकीट दिवसाचं असतं, एका सामन्याचं नाही, तेव्हा एकाच पैशात चारही सामने.

दुसरी फसगत देशांच्या नावांची. ही आमंत्रितांची स्पर्धा आहे. फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या क्रमवारीशी तिचा संबंध नाही, त्यामुळे पाटीवर देश लिहिलेला असला तरी मैदानात क्लब, कॉलेज किंवा कुणी प्रायोजकाने जमवलेला संघ असू शकतो. 2023 ला 'यूएसए' म्हणून आलेला आणि जिंकलेला संघ म्हणजे कॅलिफोर्नियातल्या यूसी अर्वाइन विद्यापीठाची पोरं. एनबीएचे तारे बघायला मिळतील या आशेने कुणी गेलं असेल तर त्याचं दुःख समजण्यासारखं आहे, पण खेळ मात्र चोख होता. फिलिपिन्सचे क्लब अमेरिकन 'इम्पोर्ट', म्हणजे बाहेरून आणलेले खेळाडू, घेऊन उतरतात. खरी राष्ट्रीय संघबांधणी बघायची तर यजमान चायनीज तैपेईचे (खेळात तैवान याच नावाने उतरतो) निळा आणि पांढरा हे दोन संघ, आणि येतील तेव्हा इराण. भारताचा पुरुष संघ 2016 आणि 2017 ला खेळून आला आहे. यादी दरवर्षी बदलते आणि खेळाडूंची नावं अगदी शेवटच्या दिवसांत पक्की होतात, तेव्हा एका खेळाडूच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका.

आता रस्ता. सगळ्यात जास्त लोक इथेच गंडतात.

स्पर्धा दरवर्षी एकाच हॉलमध्ये नसते. कधी तैपेई शहरातलं हेपिंग बास्केटबॉल जिम, कधी नदीपलीकडचं न्यू तैपेईमधलं शिनज्वांग जिम. हेपिंग सोपं: मेट्रोची ब्राऊन लाइन, ल्यूझांगली स्टेशन, तिथून चालत. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही. शिनज्वांगला मात्र ऑरेंज लाइन आहे, आणि ही लाइन दाचियाओतोउ स्टेशननंतर दुभंगते. एक फाटा हुइलुंगला, दुसरा लूझोउला. दोन्हीकडच्या गाड्या त्याच फलाटावर, त्याच रंगाच्या, आलटून पालटून येतात. तुम्हाला हुइलुंगची हवी. गर्दीत पुढच्या माणसामागे शिरलात की निम्म्या वेळा लूझोउला निघालात असं समजा.

त्यावर कडी म्हणजे सानचुंग नावाचा घोळ. 'सानचुंग' हे स्टेशन हुइलुंगच्या फाट्यावर आहे आणि 'सानचुंग एलिमेंटरी स्कूल' लूझोउच्या. नकाशावर नुसतं सानचुंग वाचून निर्धास्त झालेला माणूस शाळेच्या स्टेशनवर उतरतो. तसं झालं तर बाहेर पडू नका. समोरच्या फलाटावरून एक स्टेशन मागे दाचियाओतोउला या आणि हुइलुंगची गाडी धरा. पंधरा-वीस मिनिटं जातात, एवढंच.

हा फाटाच टाळायचा उपाय आहे. तैपेई मेन स्टेशनवरून विमानतळाची मेट्रो घ्या आणि पुढच्याच ए2 सानचुंगला उतरा. तिथून ऑरेंज लाइनवर बाहेरच्या दिशेने जाणारी प्रत्येक गाडी हुइलुंगचीच असते. तिसरं स्टेशन शिनज्वांग. मात्र विमानतळ मेट्रोची निळी, सगळीकडे थांबणारी गाडी घ्या. जांभळी एक्स्प्रेस ए2 ला थांबत नाही, थेट ए3 ला जाते. चुकून तीच घेतलीत तरी घाबरू नका: ए3 ला उतरून पिवळी सर्क्युलर लाइन धरा, दुसरं स्टेशन तोउचिएनज्वांग, तिथून ऑरेंज लाइनवर एक स्टेशन. विमानतळावरून सामान घेऊन थेट शिनज्वांगला उतरणाऱ्यांनी तर एक्स्प्रेस आणि ए3 हाच मार्ग धरावा, तैपेई मेनचे जिने आणि बोगदे वाचतात. तैपेई मेनपर्यंतचं भाडं 150 तैवानी डॉलर आहे. एका डॉलरचे पावणेतीन-तीन रुपये धरा. टॅक्सीला याच्या आठ-नऊ पट लागतात, आणि अडीअडचण नसेल तर ते पैसे पाण्यात.

शिनज्वांग स्टेशनपासून जिमपर्यंत साधारण एक किलोमीटर चाल. ऐकायला किरकोळ वाटते. जुलैत दुपारी साडेबाराला पारा 35 च्या वर, हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट, आणि संध्याकाळी अचानक धो धो. छत्री ऊन-पाऊस दोन्हीला लागते. जिमला लागूनच बेसबॉलचं स्टेडियम आहे, फुबोन गार्डियन्सचं घरचं मैदान. त्यांचा सामना असेल त्या संध्याकाळी निळे टीशर्ट घातलेल्या गर्दीमागे गेलात तर थेट बेसबॉलच्या दारात पोचाल.

ईझीकार्ड विमानतळावरच घ्या. कार्डाचे 100 डॉलर परत मिळत नाहीत, वर भरलेले पैसे मेट्रो, बस आणि सेव्हन-इलेव्हनमध्ये चालतात. मेट्रोत पिवळ्या रेषेपलीकडे खाणंपिणं बंद. पाण्याचा घोटही नाही, च्युइंगम तर नाहीच. दंड 1,500 डॉलरपासून सुरू होतो आणि 'माहीत नव्हतं' चालत नाही. वरच्या त्या एक किलोमीटरनंतर घसा कोरडा पडला असला तरी बाटली फाटकाबाहेरच संपवा.

सामने साधारण दुपारी 1, 3, 5 आणि 7 ला. यजमानांचा सामना 7 ला, तेव्हाच हॉल भरतो. मध्ये एखादा सामना जादा वेळेत गेला की पुढचे सगळे घसरतात, तेव्हा रात्रीच्या गाडीचं आरक्षण करू नका. दुपारी 1 चा सामना सगळ्यात चांगला. हॉल रिकामा, पुढे जाऊन बसता येतं, प्रशिक्षक ओरडून कुठला बचाव लावायला सांगतोय ते ऐकू येतं. अपवाद फिलिपिन्सच्या सामन्याचा. तैवानमध्ये कामाला असलेले फिलिपिनो रविवारी हॉल डोक्यावर घेतात. तो दिवस असेल तर लवकर जागा धरा. आत एसी कडक असतो, घामाने भिजून जाऊन चार सामने बसायचं तर पातळ स्वेटर हवाच.

शाकाहाऱ्यांनी उगाच थेपल्यांची बॅग भरू नये. बौद्ध शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत, दारावर स्वस्तिक दिसलं की आत शिरा. त्यांच्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. स्पर्धा जुलैत, म्हणजे बहुधा चातुर्मास लागलेला, तेव्हा घरच्यांना सांगायला सोय.

व्हिसा: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, कोरिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल, किंवा गेल्या 10 वर्षांत संपलेला असेल, तर ऑनलाइन प्रवास परवाना फुकट मिळतो आणि 14 दिवस राहता येतं. नऊ दिवसांच्या स्पर्धेला ते पुरतं. अर्जाच्या दिवशी अटी पुन्हा वाचा, अर्ज भरताना जुन्या व्हिसाचा क्रमांक लागतो. यातलं काहीच नसेल तर रीतसर व्हिसा. तैवानचं केंद्र 2024 पासून मुंबईतही आहे, दिल्ली-चेन्नईला खेटे घालायची गरज उरली नाही.

आणि वादळ. 2024 ची स्पर्धा 21 जुलैला संपली आणि 25 ला गेमी धडकलं. 2025 ला डानास स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात येऊन गेलं. वादळाची सुट्टी शहर प्रशासन बहुधा आदल्या रात्री जाहीर करतं, आणि मग ऑफिस, शाळा सगळं बंद. परतीचं तिकीट स्पर्धा संपल्यावर दोन दिवस सोडून काढा आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.