नुसतं ‘नको’ पुरत नाही

ऊस संपला की गव्हाणीपाशी गुलाल उडतो आणि गावाला वाटतं, हंगाम आटोपला. साखर कारखान्यात पॅन सेक्शनचा, म्हणजे रस उकळून साखरेचा दाणा पाडणाऱ्या विभागाचा, आटोपत नाही. टाक्यांत उरलेलं सिरप (आटवलेला रस) आणि मोलॅसिस (मळी) उकळून त्यातली साखर निघेपर्यंत आमच्या पाळ्या चालूच असतात. आष्ट्याजवळच्या ढाब्यावरची पार्टी मात्र साहेबांनी नेमकी शेवटच्या पाळीच्या रात्री ठेवली.

पॅनवर मी आणि एक हंगामी पोरगा, वय २३. शेवटची सी मॅसक्विट, म्हणजे अखेरच्या टप्प्यातला दाणा आणि मोलॅसिसचा घट्ट पाक, शिजत होती. या मालात साखर कमी आणि चिकटपणा फार, त्यामुळे दाणा सावकाश वाढतो. पॅनमधला व्हॅक्यूम, म्हणजे निर्वातपणा, पडला की तापमान चढून धरलेला दाणा विरघळतो. घाईने घट्ट केलं तर खोटा, म्हणजे नको असलेला बारीक दाणा सुटतो, मग सेंट्रिफ्युगल यंत्रावर मोलॅसिस वेगळं होता होत नाही. पोराने नमुना काढून काचेवर पसरला, दिव्यापुढे धरला, अंगठा आणि बोटात तार ओढून बघितली. पाणी किंचित वाढवलं. मी सांगायच्या आत. असा हात पाच हंगाम काढलेल्यांनाही बसत नाही.

तेवढ्यात पोराला ढाब्यावरून फोन आला. ‘‘सायेब वाट बघाय लागल्यात, ये की. पॅन कुठं पळून जातंय व्हय?’’

‘‘पॅन चालू आहे. आणि मी पीत नाही.’’

‘‘माळ घातलीयास का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग गोळ्या चालू हायत?’’

‘‘नाही. मला नको, एवढंच.’’

तिकडे हसले. मला कुणी आग्रह करत नाही, कारण मला मधुमेह आहे. माळकऱ्याला सोडतात, श्रावणात सगळ्यांनाच सोडतात. धडधाकट माणसाचं ‘नको’ मात्र साहेबांचा अपमान ठरतं. महाराष्ट्रात व्हिस्की-रम प्यायला कायद्यानं २५ वर्षं पूर्ण लागतात, हे त्या टेबलावर एकालाही आठवलं नाही.

मॅसक्विट पहाटे उतरली, दाणा एकसारखा होता.

हंगामी माणसाला बंद काळात रिटेन्शनचा, म्हणजे पुढच्या हंगामासाठी राखून ठेवल्याचा, थोडा पैसा मिळतो. घर चालतं ते ऑफ सीझनच्या दुरुस्तीवर बोलावलं तरच. आठवड्याने ती यादी लागली. ढाब्यावर बसलेले सगळे तिच्यात होते, पोरगा नव्हता. विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, ‘‘काम चांगलं आहे हो, पण माणूस मिसळत नाही.’’

त्या रात्रीचं लॉगबुक आणि लॅबचा रिपोर्ट जोडून मी लेखी अर्ज दिलाय. पोराला ते सांगितलं तर म्हणाला, ‘‘काका, तुमच्यावर नको यायला.’’ पॅनच्या नळ्या साफ करायचं काम परवा सुरू झालं, आणि तिथे ज्याला घेतलंय त्याला अजून व्हॅक्यूमचा गेज वाचता येत नाही.